कीटक दाखवायचा कसा?

ऑक्टोबर १९१५ मध्ये फ्रान्झ काफ्कानं आपल्या प्रकाशकाला काळजीनं एक पत्र लिहिलं. ‘मेटामॉर्फोसिस’ पुस्तकरूपानं यायची होती, मुखपृष्ठ ओटोमार स्टार्के करणार होता, आणि हा चित्रकार चक्क कीटक काढून मोकळा होईल अशी काफ्काला धास्ती होती. कीटक काढू नका, लांबूनही दाखवू नका, अशी त्याची विनवणी होती. त्याऐवजी दिव्याच्या उजेडातली खोली, तिथे आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या काळोख्या खोलीचं उघडं दार, असं चित्र त्यानं सुचवलं. छापून आलेल्या मुखपृष्ठावर दारापासून दूर जाणारा, दोन्ही हातांनी तोंड झाकलेला एक माणूस आहे. कीटक कुठेही नाही.

अतिवास्तव कादंबरीवर सिनेमा करायला निघालेल्या दिग्दर्शकाची सगळी अडचण या पत्रात आहे. वाचताना ‘मेटामॉर्फोसिस’च्या नायकाचं, ग्रेगोर साम्साचं, कीटकात बदललेलं शरीर आपल्याला तुकड्यातुकड्यानं कळतं. मध्ये आपण ते विसरतोही, आणि त्याच्याबरोबर चुकलेल्या गाडीची, साहेबाच्या बोलण्याची, घरच्या कर्जाची काळजी करू लागतो. शब्दांना असं विसरू देता येतं. कॅमेऱ्याला ते जमत नाही. कीटक एकदा चौकटीत आला की तो क्षणोक्षणी तिथे असतो, आणि प्रेक्षक त्याच्या दुःखाऐवजी त्याचे पाय न्याहाळत बसतो. २००२ साली व्हॅलेरी फोकिन या रशियन दिग्दर्शकानं यावर एक धाडसी तोड काढली. येव्हगेनी मिरोनोव्ह या नटाला त्यानं ना कवच दिलं, ना मुखवटा. माणसाच्याच अंगानं मिरोनोव्ह कीटक होतो. बोटं, मान, जबडा यांच्या हालचालींतून. घरच्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, आणि त्यामुळे त्यांची किळस आपल्याला जास्त लागते.

‘हिच्यावर सिनेमा होऊच शकत नाही’ हा शिक्का कादंबऱ्यांवर मारताना आपण बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीकडे बोट दाखवतो. अद्भुत दाखवणं सिनेमाला कधीच जड गेलेलं नाही. जॉर्ज मेलिएसनं १९०२ मध्येच चंद्राच्या डोळ्यात यान रुतवलं होतं, आणि आज तर संगणकावर काय वाटेल ते घडवता येतं. गाडं अडतं ते सांगणाऱ्यापाशी. अशा कादंबरीत अशक्य गोष्टी कुणीतरी एका विशिष्ट सुरात सांगत असतं. काफ्काचा सूर दप्तरी टिपणासारखा कोरडा. मार्केसनं आपला सूर आजीकडून घेतला, जी भुताखेतांच्या गोष्टी बाजारभाव सांगावा तितक्या सहज सांगायची. ग्युंटर ग्रासचा निवेदक वेड्यांच्या इस्पितळातून बोलतो आणि त्याच्या शब्दावर किती विसंबायचं हे शेवटपर्यंत ठरत नाही. हा सूर काढून घेतला की मागे चमत्कारांचा ढीग उरतो. म्हणून मला या साऱ्या प्रश्नात एकच गोष्ट कळीची वाटते: कादंबरीतला सांगणारा जे काम करत होता, ते सिनेमात कुणाकडे सोपवलं? ज्यांना हे साधलं त्यांनी ते कधी एखाद्या जागेवर सोपवलं, कधी एखाद्या देहावर, कधी संकलनावर, कधी खुद्द लेखकाच्या आयुष्यावर.

लेखकाच्या आयुष्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘नेकेड लंच’. विल्यम बरोजचं हे पुस्तक १९५९ मध्ये पॅरिसमध्ये निघालं. हेरॉइनच्या व्यसनात, बहुतांशी टँजियरला राहून लिहिलेले तुकडे. त्यांना सरळ कथानक नाही, आणि कुठूनही वाचायला घेतलं तरी चालतं. अमेरिकेत त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ते सोडवलं. सत्तरच्या दशकात बरोजचे मित्र अँटनी बाल्च आणि ब्रायन गायसिन यांनी त्यावर संगीतिका करायचा घाट घातला होता, पण पैसा उभा राहिला नाही. अखेर १९९१ मध्ये डेव्हिड क्रोनेनबर्गनं सिनेमा केला. पुस्तक जसंच्या तसं उतरवायचं तर अफाट खर्च येईल आणि जगातल्या प्रत्येक देशात बंदी येईल, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला होता, आणि ते खरंच होतं.

त्यानं पुस्तक लिहिलं जाण्यावरच सिनेमा केला. बरोज चाळीसच्या दशकात शिकागोत काही काळ घरोघर कीटकनाशक फवारायचं काम करत असे. सिनेमातला बिल ली तेच काम करतो, आणि त्याची बायको ती पावडर नशेसाठी टोचून घेते. ६ सप्टेंबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीत बरोजच्या हातून गोळी सुटून त्याची पत्नी जोन व्होल्मर मेली होती. दारूच्या नशेत तिच्या डोक्यावर ग्लास ठेवून नेम धरायचा खेळ चालला होता. जोनचा मृत्यू झाला नसता तर आपण लेखक झालोच नसतो, असं बरोजनं पुढे १९८५ मध्ये ‘क्वीअर’च्या प्रस्तावनेत लिहिलं. क्रोनेनबर्गनं हे भयंकर वाक्य सिनेमाचा कणा केलं. बिल ली गोळी झाडतो, इंटरझोन नावाच्या शहरात पळतो, आणि तिथे त्याचा टाइपरायटर भुंग्याचं रूप घेऊन त्याला हुकूम सोडू लागतो. ही किळसवाणी यंत्रं दाखवून क्रोनेनबर्ग काफ्काची विनवणी धुडकावतो खरा, पण त्याला तसा अधिकार पोचतो, कारण इथला किडा लिहिणाऱ्याला लिहायला लावणारी जबरदस्ती आहे. मजकूर कुठून येतो याची ती भीती आहे. शेवटी सीमेवरचे पहारेकरी लेखक असल्याचा पुरावा मागतात, आणि तो पुरावा म्हणजे पुन्हा तीच गोळी. पुस्तकात हा प्रसंग नाही. तरी या सिनेमाइतकं मला दुसरं काहीच त्या पुस्तकाच्या जवळ घेऊन गेलेलं नाही.

एका अडचणीनं या सिनेमाचं भलंच केलं. चित्रीकरण टँजियरला व्हायचं होतं. आखाती युद्ध पेटलं, बेत रद्द झाला आणि इंटरझोन टोरोंटोत सेटवर उभं राहिलं. खऱ्या शहरातला खरा उजेड आला असता तर बिल ली एक प्रवासी वाटला असता. बंद सेटमुळे ते शहर त्याच्या डोक्याबाहेर कधी पडतच नाही. त्यावर हॉवर्ड शोरचा वाद्यवृंद आणि त्याला छेदत जाणारा ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन. पुस्तकाच्या विस्कटलेपणाचं उत्तर सिनेमानं सगळ्यात चांगलं दिलं ते या आवाजात. किंमतही मोजली गेली, ती लपवू नये. फाशीची शिक्षा, पोलीस, डॉक्टर, अमेरिकन सभ्यता यांवरचा बरोजचा जळजळीत हल्ला सिनेमात जवळजवळ उरलेला नाही, आणि त्याची उघड समलिंगी वासना आडपडद्यात गेली आहे. त्या काळी यावर टीका झाली, ती रास्त होती.

पुस्तक लिहिलं जाण्यावरच सिनेमा करायची ही युक्ती मिखाईल बुल्गाकोवच्या ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ला तेहेतीस वर्षांनी लाभली. बुल्गाकोव १९४० मध्ये वारला. कादंबरी सेन्सॉरच्या कात्रीतून १९६६-६७ मध्ये ‘मॉस्क्वा’ मासिकात आली. सैतान मॉस्कोत उतरतो, बोलका मांजर ट्राममध्ये चढतो, आणि मध्येच येशू व पिलाताची कथा उलगडते. २००५ मध्ये व्लादिमीर बोर्त्कोनं दहा भागांची दूरचित्रवाणी मालिका केली. ती मजकुराला कमालीची इमानदार आहे, संवाद बरेचसे कादंबरीतलेच, आणि रशियात ती प्रचंड पाहिली गेली. पण मांजर दिसतो वेशातल्या माणसासारखा, आणि तो आला की खेळ मोडतो. २०२४ मध्ये मायकेल लॉकशिननं वेगळी मांडणी केली. त्याच्या सिनेमात आधी येतो तो लेखक, ज्याचं नाटक बंद पाडलं गेलं आहे, ज्याला लेखक संघातून हाकललं आहे आणि जो सूड म्हणून ही कादंबरी लिहितो आहे. सैतान वोलंड, म्हणजे जर्मन नट आउगुस्ट डील, त्याला प्रत्यक्षात भेटलेला परदेशी पाहुणा आहे की त्याच्या लेखणीतून आलेला, हे अधांतरी राहतं. त्यामुळे चमत्कारांमागे एक जखम उभी राहते. युक्रेनवरच्या युद्धाला विरोध केलेल्या दिग्दर्शकाचा हा सिनेमा त्याच वेळी रशियातल्या चित्रगृहांत लागला, सरकारी गोटातून त्यावर आग पाखडली गेली आणि प्रेक्षकांनी रांगा लावल्या. लेखकाला गप्प करणाऱ्या राजवटीची गोष्ट तिथल्या लोकांना समजावून सांगावी लागली नाही.

तरी एक धोका नोंदवायला हवा. लेखकालाच पात्र करायची ही वाट आता मळली आहे. चार्ली कॉफमननं ‘अ‍ॅडाप्टेशन’ (२००२) मध्ये पटकथा न सुचणाऱ्या स्वतःलाच पात्र केलं आणि मायकेल विंटरबॉटमनं ‘ट्रिस्ट्रम शँडी’ चित्रित करता करता फसणाऱ्या मंडळींवर सिनेमा काढला (२००५). दोन्ही चतुर आहेत. पण दर वेळी लेखकाच्या टेबलाशी जाऊन बसलं तर कादंबरीचं जग उभं करायची जबाबदारी टळते.

ऑर्सन वेल्सनं ती टाळली नाही. काफ्काच्या कादंबरीवरच्या ‘द ट्रायल’साठी (१९६२) त्यानं ठरवलं होतं की सिनेमा पुढे सरकेल तसे सेट विरत जातील आणि अखेर नायक के.भोवती मोकळी पोकळी उरेल. निर्मात्यांचे पैसे संपले. सेट उभे राहण्याची आशा मावळली तेव्हा वेल्सला पॅरिसचं बंद पडलेलं ओर्से रेल्वे स्थानक मिळालं. आज तिथे संग्रहालय आहे. तेव्हा धूळ, काच, लोखंड आणि रिकामे जिने होते. पॅरिसमध्ये उघडलेल्या दारातून के. झाग्रेबमध्ये बाहेर पडतो, जिथे शेकडो टेबलांशी शेकडो टंकलेखक बसलेले आहेत. जागा जोडलेल्या आहेत, पण कुठल्याही नकाशात त्या तशा जोडता येणार नाहीत. काफ्काची वाक्यं जशी प्रत्येक पावलाला तर्कशुद्ध आणि शेवटी अनाकलनीय असतात, तशीच ही भूमिती आहे. निवेदकाचं काम इथे वास्तूनं केलं.

वेल्सनं शेवट बदलला. काफ्काचा के. जवळजवळ संमती देऊन मरतो. वेल्सचा के. मारेकऱ्यांना हसतो, आणि त्यांना सुरुंग फेकावा लागतो. साठ लाख ज्यूंच्या हत्येनंतर हा माणूस निमूटपणे मरताना दाखवणं आपल्याला शक्य नाही, असं वेल्सचं म्हणणं होतं. निष्ठावंत वाचकांना हे खटकतं. मला हा बदल आवश्यक वाटतो. काफ्का १९२४ मध्ये गेला. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. १९६२ मध्ये कॅमेरा उचलणाऱ्याला हे माहीत नसल्याचं सोंग करता येत नव्हतं. याच्या अगदी उलट टोकाला मायकेल हानेकेचा ‘द कासल’ (१९९७). काफ्काचं हस्तलिखित जिथे अर्ध्या वाक्यात तुटतं तिथेच त्याचा सिनेमा तुटतो. ती निष्ठा आदर वाटावा अशी आहे, पण तो सिनेमा मला पुन्हा पाहावासा वाटलेला नाही.

लेखक आणि दिग्दर्शक यांच्यामध्ये घडून गेलेला इतिहास सिनेमात कसा शिरतो, हे पाहायचं तर पोलंडच्या वोइचेख हासकडे जावं. या विषयावरच्या चर्चेत त्याचं नाव फार मागे पडतं, ही खंत आहे. ‘द सारागोसा मॅन्युस्क्रिप्ट’ (१९६५) हा त्याचा तीन तासांचा सिनेमा यान पोटोत्स्कीच्या कादंबरीवर आहे. गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक. सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण याचा हिशेब सुटतो आणि तरी प्रेक्षक हरवत नाही, कारण हास प्रत्येक वळणावर एखादा चेहरा, एखादा फास, एखादी कवटी खुणेसारखी ठेवून जातो. ‘द अवरग्लास सॅनॅटोरियम’ (१९७३) त्याहून मोठा. ब्रुनो शुल्झच्या कथांमधला हे आरोग्यधाम असं आहे की तिथे काळ मागे ठेवला आहे, त्यामुळे बाहेर मेलेला बाप आत अजून जिवंत आहे. शुल्झनं हे लिहिलं १९३७ च्या आधी. नोव्हेंबर १९४२ मध्ये द्रोहोबिचच्या रस्त्यावर एका गेस्टापो अधिकाऱ्यानं त्याला गोळी घातली. हासच्या सिनेमात जाळ्यांनी झाकलेली, कोसळत चाललेली खोली ओलांडली की गजबजलेलं ज्यू गाव लागतं; दुकानं, प्रार्थना, कापडाचे ठाण. ते सारं गाव आता उरलेलं नाही हे आपल्याला ठाऊक असतं. शुल्झची कल्पना एका बापाला मरणापासून राखून ठेवत होती, हासच्या कॅमेऱ्यानं तिच्यात एक संपूर्ण समाज ठेवला. कान महोत्सवात त्याला ज्यूरी पारितोषिक मिळालं.

ग्रासच्या ‘द टिन ड्रम’चं कोडं फोल्कर श्लोन्डॉर्फनं एका मुलाच्या देहानं सोडवलं. तिसऱ्या वाढदिवशी वाढायचं नाकारणारा, किंकाळीनं काचा फोडणारा ऑस्कर बुटक्या प्रौढ नटाकडून वठवला असता तर सारं सर्कशीत गेलं असतं. डेव्हिड बेनंट हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा, वाढ खुंटलेला मुलगा सापडला आणि त्याच्या डोळ्यांत कादंबरीचा निवेदक सापडला. कॅमेरा त्याच्या उंचीवर उतरला; डान्झिगमधले नाझी गणवेश, वासना, जेवणं, सगळं टेबलाखालून दिसू लागलं. ग्रासनं संवादांत हातभार लावला, ज्याँ-क्लोद कारिएर पटकथेत होता. कादंबरीचा तिसरा भाग, युद्धानंतरचा जर्मनी, त्यांनी सरळ सोडून दिला आणि १९४५ मध्ये थांबले. या त्यागामुळेच सिनेमा उभा राहिला. १९७९ च्या कानमध्ये त्याला सुवर्णताड मिळाला, तोही कोपोलाच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’बरोबर विभागून. त्या सिनेमामागच्या कॉनरॅडच्या कादंबरीवर वेल्सनं ‘सिटिझन केन’च्या आधी हात घातला होता, कॅमेऱ्यालाच निवेदकाचे डोळे करून. ते स्वप्न कागदावरच राहिलं.

जॉर्ज रॉय हिलचा ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ (१९७२) संकलनावर तरला. बिली पिलग्रिम काळाच्या कुठल्याही क्षणात घसरतो, आणि डीडी अ‍ॅलनच्या कात्रीला यापेक्षा सोयीचा नायक मिळणं कठीण. कादंबरीकार व्हॉनेगट या सिनेमावर खूश होता, जरी कादंबरीत सारखा डोकावणारा तो स्वतः त्यातून गायब झाला होता. आणि तार्कोव्स्कीनं ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) स्त्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीतल्या जवळपास सगळ्या नवलाच्या वस्तू काढून टाकल्या. उरलं गवत, पाणी आणि तीन माणसांची भीती.

आता पडलेल्या सिनेमांकडे. बोरिस व्हियाँच्या १९४७ च्या कादंबरीवरचा मिशेल गोंद्रीचा ‘मूड इंडिगो’ (२०१३) डोळ्यांना मेजवानी आहे. कॉकटेल बनवणारा पियानो, नायिकेच्या फुप्फुसात उगवणारं कमळ, आक्रसत जाणारं घर, रंग विझत विझत कृष्णधवल होणारा पडदा; सगळं हातानं घडवलेलं. पण पहिला अर्धा तास इतक्या करामतींनी भरला आहे की ती आजारी पडते तेव्हा आपलं आश्चर्य आधीच संपलेलं असतं. व्हियाँ नवलाई एका ओळीत टाकून पुढे जातो, गोंद्री प्रत्येक नवलाईपाशी थांबतो.

रश्दींची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ आपल्या जास्त जवळची. सलीम सिनाई मुंबईत जन्मतो, आणि कादंबरीत संयुक्त महाराष्ट्राच्या काळातला भाषिक मोर्चा त्याच्या सायकलच्या वाटेत येतो. बीबीसीची मालिका नव्वदच्या दशकात श्रीलंकेनं परवानगी काढून घेतल्यानं बारगळली. दीपा मेहता यांनी २०११ मध्ये दुसऱ्याच नावाखाली श्रीलंकेतच चित्रीकरण केलं, आणि इराणच्या तक्रारीवरून मध्ये ते थांबवण्यातही आलं. एवढी शर्थ करून आलेला सिनेमा मला थंड वाटला, आणि त्याचं कारण पटकथेत आहे. ती रश्दींनी स्वतः लिहिली, निवेदनाचा आवाजही त्यांचाच. पण कादंबरीत सलीम लोणच्याच्या कारखान्यात बसून पद्माला गोष्ट सांगतो. ती कंटाळते, टोकते, रुसते, आणि तो गांधीहत्येची तारीखसुद्धा चुकवतो. सिनेमातून पद्मा गेली. ऐकणारीच नाही म्हटल्यावर सलीमच्या थापा, फुशारक्या, चुका कुणासाठी? उरला तो घटनांचा क्रम आणि एक सुजाण, विश्वासू निवेदक, जो सलीम कधीच नव्हता.

हुआन रुल्फोच्या ‘पेद्रो पारामो’वर (१९५५) रोद्रिगो प्रिएतो या नावाजलेल्या छायालेखकानं २०२४ मध्ये दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा केला. प्रत्येक चौकट देखणी आहे. पण कोमाला हे गाव पुस्तकात कानांनी वाचायचं आहे. कुजबूज आधी येते, बोलणारा मेलेला आहे हे खूप नंतर उमगतं. पडद्यावर आवाजाला लगेच चेहरा मिळतो. मार्केसला आपल्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’बद्दल हीच चिंता होती: वाचक त्या पात्रांत आपल्या काका-आजीला पाहतात, नट आला की ते संपेल. त्याच्या पश्चात, त्याच्या मुलांच्या सहभागानं, डिसेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिकेचे पहिले आठ भाग आले, स्पॅनिशमध्ये आणि कोलंबियात चित्रित झालेले. चेहऱ्यांची अडचण सुटलेली नाही. पण लांबीनं एक गोष्ट दिली: पिढ्यांचा थकवा, तीच नावं आणि त्याच चुका पुन्हा पुन्हा येण्याचा भार, जो दोन तासांत आला नसता.

भारतात या प्रश्नाला सर्वांत कठोरपणे भिडले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले मणी कौल. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी, लिखाणात हिंदी. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. ‘सतह से उठता आदमी’मध्ये (१९८०) कौल यांनी मुक्तिबोधांच्या कथा-निबंध-कवितांचं नाट्य केलंच नाही. नट गद्य जवळजवळ सपाट उच्चारतात, कॅमेरा भिंती, जिने, रस्ते पाहत राहतो, आणि शब्द व चित्र शेजारी शेजारी चालतात. पुष्कळांना ते असह्य होतं. मला त्यात लेखकाच्या वाक्याबद्दलचा असा विश्वास दिसतो जो इतर कुठल्या रूपांतरात सापडत नाही.

मराठीत कादंबरीवरून सिनेमा म्हटलं की ‘सिंहासन’, ‘नटरंग’, ‘शाळा’ आठवतात. सारे वास्तवाच्या भक्कम जमिनीवरचे. विलास सारंगांच्या कथा तशाच पडून आहेत. त्यांच्या एका कथेत विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्ती जिवंत होऊन पळ काढतात. आज ही दृश्यं तयार करायला पैसा लागेल, पण अडचण येणार नाही. अडचण आहे ती सारंगांच्या थंड, निरीक्षकाच्या वाक्याची. मला विचाराल तर या सिनेमात मूर्ती शक्य तितक्या उशिरा आणि शक्य तितक्या लांबून दिसाव्यात. आधी ढोल, वाहतुकीची कोंडी, बंदोबस्तावरचा दमलेला हवालदार, आणि आपला गणपती ट्रकवर नाही हे वर बघताच लक्षात आलेल्या मंडळाच्या कार्यकर्त्याचा चेहरा. सगळं त्या दिवशीच्या खऱ्या गर्दीत, वार्तापटासारखं टिपलेलं. सारंगांचा निवेदक तिथे त्या हवालदाराच्या वायरलेसवरून बोलू शकेल.